सुरत, १९०७ : चिठ्ठीला उत्तर आलं नाही

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. उतरत्या कौलांचं, कोकणात चारचौघांचं असतं तसंच. २३ जुलै १८५६ला बाळ गंगाधर टिळक रत्नागिरीत जन्मले. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. १८६६ साली त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर घाट चढून गेला. त्याच वर्षी ९ मे रोजी याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक गावी, गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. एकाच जिल्ह्याची, एकाच मातीची ही दोन माणसं. एक्केचाळीस वर्षांनी सुरतेच्या मांडवात दोघं एकाच व्यासपीठावर होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काँग्रेस फुटली.

ही फूट एका दिवसात पडली असं आपण शाळेत शिकलो. जोडा फेकला, खुर्च्या उडाल्या, संपलं. पण त्या आठवड्याचे तास एकापुढे एक मांडून पाहिले की जीव हळहळतो. कारण ती टाळण्याची संधी एकदा नाही, निदान पाच वेळा आली होती.

एक वर्ष आधी. कलकत्ता, डिसेंबर १९०६

बंगालची फाळणी होऊन वर्ष उलटलं होतं. जहालांना टिळक अध्यक्ष हवे होते. मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नवरोजींना विलायतेहून बोलावलं, कारण त्यांच्यापुढे कोणीच उभं राहणार नाही हे उघड होतं. दादाभाईंनी स्वराज्य हा शब्द अध्यक्षपदावरून उच्चारला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले. यांनाच पुढे चतुःसूत्री म्हटलं गेलं.

अधिवेशन आटोपल्यावर २ जानेवारी १९०७ला टिळकांनी कलकत्त्यातच नव्या पक्षाची भूमिका मांडली. सारांश असा : अर्ज-विनंत्यांवर आता विश्वास उरलेला नाही. मूठभर इंग्रज राज्य चालवतात ते आपल्याच हातांनी. सारा गोळा करायला, न्यायदान करायला, सैन्य उभं करायला आपणच मदत करतो, ती मदत काढून घ्या. यात कुठेही शस्त्राची भाषा नव्हती.

गोखल्यांचं म्हणणं वेगळं होतं. १९०५ साली बनारसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी बंगालच्या बहिष्काराचं समर्थन केलं होतं, पण हे हत्यार शेवटच्या क्षणी, सगळ्यांची मनं एक झालेली असतानाच उचलावं, असं त्यांनी बजावलंही होतं. स्वदेशीत प्रेम आहे, बहिष्कारात दुसऱ्याला दुखावण्याची इच्छा मिसळते, ही त्यांची खरी बोच होती. दोघांनाही स्वराज्य हवं होतं. भांडण वाटेचं होतं, आणि वाटेवरून होणारं भांडण भावकीच्या भांडणासारखं असतं, बांध एक हात सरकला तरी रक्त सांडतं.

आठ महिने आधी. टोकियो, एप्रिल १९०७

इथे जरा दूर जायला हवं, कारण त्या वर्षी हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. १९०५च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला, त्याच सुमारास चिनी व्यापारी अमेरिकी मालावर बहिष्कार घालत होते आणि त्याच महिन्यात सन यत्-सेन यांनी टोकियोत ‘तुंगमेंगहुई’ ही संघटना उभी केली. राष्ट्र, लोकसत्ता आणि लोकांची उपजीविका ही तिची तीन तत्त्वं. पुढे १९१२ साली हिच्यातूनच कुओमिंतांग पक्ष तयार झाला.

त्यांच्याकडेही जहाल-मवाळ होतेच. लियांग छिचाव यांचा गट म्हणे, बादशहाला ठेवा, त्याच्याकडून राज्यघटना घ्या. सन यांचा गट म्हणे, बादशाहीच उलथा. दोन्ही बाजूंची मासिकं टोकियो-योकोहामातून एकमेकांवर तुटून पडत. सन यांच्या बाजूचं मुखपत्र ‘मिन पाओ’. त्याचे संपादक चांग पिंगलिन. एप्रिल १९०७मध्ये टोकियोतल्या हिंदी विद्यार्थ्यांनी शिवजयंती साजरी केली, तिला हे चांग हजर होते, आणि त्यांनी त्या उत्सवाची हकीकत आपल्या मासिकात लिहिली. टिळकांनी सार्वजनिक केलेला उत्सव चिनी क्रांतिकारकांच्या कागदावर पोचला होता. हे वाचलं की अंगावर काटा येतो. जग किती जवळ येत होतं, आणि पुण्यातली दोन घरं किती दुरावत होती!

त्याच १९०७ सालात चांग आणि सन यांच्यात पैशावरून बिनसलं आणि तुंगमेंगहुईलाही तडा गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सुरतेच्या तीन आठवडे आधी, सन यांचा चीनच्या दक्षिण सीमेवरचा उठाव फसला.

सहा आठवडे आधी. मुंबई, नोव्हेंबर १९०७

अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. नागपुरात जहालांचा जोर. अध्यक्ष कोण यावरून तिथल्या स्वागत समितीची सभा उधळली गेली, आणि मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या बंगल्यावर बैठक होऊन अधिवेशन सुरतेला हलवण्यात आलं. सुरत म्हणजे मवाळांचं घर. शिवाय सुरत मुंबई इलाख्यात, आणि यजमान प्रांतातला पुढारी अध्यक्ष करायचा नाही ही प्रथा. टिळकांचं नाव आपोआप बाद झालं. मला विचाराल तर पहिली ठिणगी इथे पडली. नियमाचा आधार घेऊन माणसाला बाहेर ठेवलं की तो नियमावरचा विश्वास गमावतो.

याच महिन्यात लाला लजपतराय मंडालेच्या हद्दपारीतून सुटले. जहालांनी त्यांचं नाव पुढे केलं. लालाजींनी नम्रपणे नकार दिला, आपल्या नावावरून घर फुटू नये म्हणून. मवाळांनी अध्यक्षपदासाठी पुढे केलेलं डॉ. रासबिहारी घोष यांचं नाव कायम राहिलं.

सोमवार, २३ डिसेंबर

टिळक सुरतेत उतरले. त्याच संध्याकाळपासून त्यांनी सभांतून एकच गोष्ट सांगायला घेतली : कलकत्त्याचे चार ठराव मागे घेऊ नका, बाकी आमचा हट्ट नाही. गावात कुजबुज होती की चारही विषय गाळले जाणार. ठरावांचे मसुदे मात्र कोणाच्याच हातात नव्हते.

मंगळवार, २४ डिसेंबर

राष्ट्रीय पक्षाच्या, म्हणजे जहालांच्या, सुमारे ५०० प्रतिनिधींची परिषद भरली. अध्यक्ष अरविंद घोष, वय ३५. ठरलं असं की काँग्रेसला मागे नेण्याचा प्रयत्न सनदशीर मार्गांनी हाणून पाडायचा, आणि गरज पडली तर अध्यक्षाच्या निवडीलाही विरोध करायचा. याच आठवड्यातल्या त्यांच्या सभेचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. टिळक उभे राहून बोलताहेत, अरविंद खुर्चीवर स्वस्थ बसले आहेत.

बुधवार, २५ डिसेंबर

लालाजींनी मध्यस्थी सुरू केली. दोन्ही बाजूंची पाच-पाच माणसं बसवून वाद मिटवावा ही त्यांची कल्पना. टिळक आणि दादासाहेब खापर्डे यांना ते भेटले. दोघांनी होकार दिला. दुसऱ्या बाजूची पाच माणसं काही बसली नाहीत.

मवाळांचा हात मात्र एका मसुद्यात गुंतला होता. काँग्रेसची घटना लिहिण्याचं काम चालू होतं. बावीस वर्षं जुन्या या संस्थेला खऱ्या अर्थानं पाळली जाणारी घटनाच नव्हती. अध्यक्षाला विरोध कसा करायचा, मतं कशी मोजायची, उपसूचना कधी मांडायची, हे सगळं रिवाजावर चालायचं. घरात सगळे एकमेकांना मानत असतात तोवर रिवाज पुरतो.

गुरुवार, २६ डिसेंबर. सकाळ

टिळक, खापर्डे, अरविंद आणि आणखी काही जण सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या बिऱ्हाडी गेले. दोन मागण्या ठेवल्या. चार ठराव आहेत तसे राहतील याची हमी द्या, आणि लालाजींना अध्यक्ष करावं ही लोकांची इच्छा होती एवढा उल्लेख भाषणात करा. सुरेंद्रनाथांनी दुसरी तत्काळ मान्य केली. पहिलीसाठी ते म्हणाले, स्वागताध्यक्षांशी बोला.

स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी. टिळकांनी गाडी देऊन स्वयंसेवक पाठवला. टिळकपक्षाच्या निवेदनानुसार निरोप परत आला की ते धर्माचारात गुंतले आहेत, सवड नाही. अधिवेशन सुरू व्हायला काही तास उरले होते.

दुपारी २.३०

अधिवेशनाची जागा सुरतेतली जुनी फ्रेंच बाग. मांडवात १६०० वर प्रतिनिधी आणि हजारो प्रेक्षक. टिळकांच्या हातात ठरावांचा मसुदा पडला तो या सुमारास, आणि त्यांना हवं ते दिसलं, किंवा नको होतं ते दिसलं.

कलकत्त्याच्या ठरावात बंगालची ‘बहिष्काराची चळवळ’ न्याय्य होती. सुरतेच्या मसुद्यात ‘परदेशी मालावरचा बहिष्कार’ न्याय्य होता. चळवळ म्हटलं की त्यात कचेऱ्या, शाळा, पदव्या सगळं आलं. माल म्हटलं की कापड आणि साखर. स्वदेशीच्या ठरावात ‘थोडी झीज सोसूनही’ असे शब्द होते, ते गेले होते. पुढे गोखल्यांनी जाहीर खुलासा केला की हा कच्चा मसुदा होता, विषय नियामक समितीत तो बदलता आला असता, हेतू वाईट नव्हता. गोखल्यांचा शब्द मी खोटा मानत नाही. पण हाच खुलासा त्यांनी बुधवारी टिळकांकडे चालत जाऊन केला असता तर?

माळवींचं भाषण झालं. दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी रासबिहारी घोषांचं नाव सुचवलं. ‘नाही, नाही’ असे आवाज उठले. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ उभे राहिले. ज्यांच्या आवाजानं बंगाल हलत असे त्यांना चार वाक्यं पुरी करता येईनात. मांडवातून नागपूरची आठवण करून दिली जात होती. शेवटी सभा दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब झाली.

संध्याकाळ

कलकत्त्याहून तारा आल्या. रासबिहारींचं अध्यक्षीय भाषण तिथल्या पत्रांतून आधीच छापून गेलं होतं, आणि त्यात जहालांवर कडक टीका होती. न झालेल्या भाषणानं न निवडलेल्या अध्यक्षाविरुद्ध मनं पेटवली.

शुक्रवार, २७ डिसेंबर. दुपारी १२.३०

टिळकांनी पेन्सिलीनं एक चिठ्ठी लिहिली आणि स्वयंसेवकाबरोबर माळवींना दिली. मजकूर दोन-तीन ओळींचा. अनुमोदन झाल्यावर आपल्याला प्रतिनिधींपुढे बोलायचं आहे, तहकुबीची सूचना एका विधायक योजनेसह मांडायची आहे, कृपया नाव पुकारावं. योजना काय होती? दोन्ही बाजूंच्या माणसांची समिती नेमून वाद तिच्याकडे सोपवावा. म्हणजे लालाजी बुधवारपासून जे म्हणत होते तेच.

चिठ्ठी माळवींना मांडवाच्या दाराशी मिळाली. मिळाली हे मवाळांनीही नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं, अध्यक्ष निवडला जात असताना तहकुबीची सूचना नियमात बसत नाही. ठीक आहे, नाही बसत. मग तसं उत्तर पाठवायला किती वेळ लागला असता?

दुपारी १.००

कालचं अर्धवट राहिलेलं भाषण सुरेंद्रनाथांनी पुरं केलं. मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला. सभा शांत होती. हे मुद्दाम लिहितो, कारण आदल्या दिवशीच्या गोंधळानंतरही लोक ऐकायला तयार होते. टिळकांनी चिठ्ठीची आठवण पाठवली. उत्तर नाही. माळवींनी ठराव मताला टाकला, होकारांचा गलका झाला, नकारांचाही झाला, आणि त्यांनी निवड झाल्याचं जाहीर केलं.

टिळक व्यासपीठाच्या पायऱ्या चढले.

पुढची काही मिनिटं

रासबिहारी भाषणाला उभे. शेजारी टिळक, हाताची घडी घालून, प्रतिनिधींकडे तोंड करून. माळवी सांगताहेत, निवड झाली, तुमची सूचना नियमबाह्य आहे, जागेवर जा. टिळक सांगताहेत, मी नोटीस दिलेली आहे, तुम्ही मला थांबवू शकत नाही, मी प्रतिनिधींकडे दाद मागतो. दोघंही एकाच वेळी, आणि मांडवात कानठळ्या बसवणारा कल्लोळ. रासबिहारींनी भाषणाचं पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा सुरू केलं. टिळक म्हणाले, उचलून न्याल तरच जाईन.

काही तरुण मवाळ त्यांना ढकलायला धावले. तेव्हा गोखले पुढे झाले. दोन्ही हात पसरून ते टिळकांच्या आडवे उभे राहिले आणि त्यांनी त्या पोरांना मागे सारलं. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता, त्यानं हे पाहून लिहून ठेवलं आहे. वीस वर्षांचं वैर होतं त्या दोघांत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत बिनसलं, सार्वजनिक सभा टिळकांच्या हातात गेली म्हणून डेक्कन सभा निघाली, प्लेगच्या वेळच्या गोखल्यांच्या माफीवर पुण्यात काहूर उठलं. ते सगळं असूनही त्या क्षणी कोतळूकच्या माणसाचे हात रत्नागिरीच्या माणसाभोवती होते. या साऱ्या प्रकरणात मला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

तेवढ्यात मांडवातून काहीतरी भिरभिरत आलं. जोडा. तांबड्या कातड्याचा, टोकदार चवड्याचा, तळव्याला शिशाचे खिळे ठोकलेला आपल्याकडचा मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि तिथून उडून फिरोजशहा मेहतांवर आदळला. कोणी फेकला, कोणावर नेम होता, यावर दोन्ही बाजू नंतर वर्षानुवर्षं भांडल्या. टिळकांचे लोक म्हणत, तो टिळकांसाठीच होता.

मग काही राहिलं नाही. लाठ्या घेतलेले, पागोटी बांधलेले लोक व्यासपीठावर चढले. खुर्च्या फिरल्या. स्त्रियांना मागच्या बाजूनं बाहेर काढलं. टिळकांना त्यांच्या माणसांनी कडं करून नेलं. अखेर पोलीस आले आणि त्यांनी मांडव रिकामा केला. पारतंत्र्याविरुद्ध जमलेल्या सभेला सरकारी पोलिसांनी घरी पाठवलं.

अरविंदांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं की सभा मोडण्याचा आदेश टिळकांना न विचारता आपणच दिला होता. हे खरं धरलं तर टिळकांवरचा मोठा आरोप उतरतो. पण व्यासपीठावर ते उभे राहिले नसते तर तो आदेश अमलात यायला जागा मिळाली नसती, हेही तितकंच खरं.

रात्र, आणि शनिवार २८ डिसेंबर

मोतीलाल घोष आणि आणखी काही जण रात्रभर दोन्ही तंबूंत फिरले. २८ला टिळकांनी लिहून दिलं : काँग्रेसच्या हितासाठी आम्ही रासबिहारींच्या निवडीला विरोध सोडतो, मागचं विसरतो, फक्त कलकत्त्याचे ठराव कायम ठेवा. ही शेवटची संधी. ती नाकारली गेली. मवाळांनी त्याच मांडवात, पोलिसांच्या पहाऱ्यात, ९०० वर प्रतिनिधींचं ‘कन्व्हेन्शन’ भरवलं. घटना लिहिण्यासाठी समिती नेमली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये अलाहाबादला ती घटना अशी लिहिली गेली की जहालांना सही करून आत येणं अवघड व्हावं.

त्यानंतर

व्हाइसरॉय मिंटोनं भारतमंत्री मोर्लेला कळवलं की सुरतेत काँग्रेस कोसळली हा आपला मोठा विजय आहे. सरकारनं वेळ दवडला नाही. मेमध्ये अरविंद पकडले गेले. २४ जून १९०८ला टिळकांना मुंबईत अटक झाली, २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. काँग्रेस मात्र दुभंगलेली होती. टिळकांना मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं, आणि त्या किल्ल्याचा पदच्युत राजा थिबा तेव्हा टिळकांच्याच रत्नागिरीत कैदेत होता.

टिळक मंडालेत असतानाच चीनमध्ये बादशाही गेली आणि कुओमिंतांग निवडणूक जिंकला. लहान-मोठे गट, जुने मवाळ, जुने क्रांतिकारक यांना एका छताखाली आणणारा होता सुंग चियाव-रेन, वय ३०. मार्च १९१३मध्ये शांघायच्या रेल्वे स्टेशनवर त्याला गोळी घातली गेली. सांधणारा माणूस गेला की पक्षाचं काय होतं ते चीननं पुढची कितीतरी वर्षं भोगलं.

आपल्याकडे टिळक जून १९१४मध्ये सुटून आले. वर्षअखेर ॲनी बेझंट यांनी दोन्ही गट जोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. १९ फेब्रुवारी १९१५ला गोखले वारले, वय ४८. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरून अंत्ययात्रेला आले, आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं. डिसेंबर १९१६मध्ये लखनौला दोन्ही गट पुन्हा एका मांडवात बसले. सुरतेला नऊ वर्षं झाली होती.

टिळक आळीतलं घर पाहायला रत्नागिरीला जाणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जाल तेव्हा एक दिवस हाताशी जास्त ठेवा. जयगडहून तवसाळची फेरीबोट धरा, गाडी बोटीवर चढते, खाडी ओलांडली की गुहागर तालुका लागतो. कोतळूक तिथेच आहे.